उंच वाळवंटाचे मोजमाप: चांगथांगचा नकाशा कसा घडला

हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडे, पूर्व लडाखपासून तिबेटच्या मध्यभागापर्यंत पसरलेल्या पठारी प्रदेशाला चांगथांग म्हणतात. या पठाराचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून ४,३०० ते ५,००० मीटर उंचीवर आहे. मोसमी वारे आपले बाष्प हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते करतात, त्यामुळे त्यामागचा हा मुलूख पर्जन्यछायेत येतो. त्याच्या पश्चिमेला असलेल्या लेह येथे वर्षभरात सरासरी सुमारे १०० मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो. पूर्व लडाखातून सिंधू आणि तिला मिळणारे प्रवाह वाहत असले, तरी पठारावरच्या अनेक नद्या समुद्रापर्यंत पोहोचतच नाहीत. त्या एखाद्या खोलगट भागात उतरतात आणि तेथे खाऱ्या किंवा मचूळ पाण्याची सरोवरे तयार होतात. पँगाँग त्सो आणि त्सो कार ही अशीच सरोवरे असून ‘त्सो’ म्हणजे सरोवर. थंड, कोरड्या आणि जवळजवळ वृक्षहीन अशा या प्रदेशाला शीत वाळवंट म्हणतात.

अशा प्रदेशाचा स्थलदर्शक नकाशा तयार करणे हे भूमापनशास्त्रातील अत्यंत अवघड कामांपैकी एक मानावे लागते. गावे, नद्या आणि वाटा यांबरोबरच जमिनीचा चढउतारही मोजून दाखवणारा नकाशा म्हणजे स्थलदर्शक नकाशा, आणि हा चढउतार दाखवण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे समोच्च रेषा, म्हणजेच समान उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा. सखल आणि दाट वस्तीच्या प्रदेशात मोजणीदाराला देवळाचा कळस, विहीर, शीव, एकटे झाड अशा ओळखीच्या खुणा पावलोपावली सापडतात. चांगथांगमध्ये मैलोगणती तसे काहीच नसते. हवा विरळ आणि धुळीविना स्वच्छ असल्यामुळे वीस किलोमीटरवरची टेकडीही हाकेच्या अंतरावर असल्यासारखी भासते, म्हणजे नजरेचा अंदाज फसतो. आणि प्राणवायू कमी असल्यामुळे थोडे चढले तरी धाप लागते. त्यातही बाहेर राहून काम करता येईल असा काळ उन्हाळ्यातील तीन-चार महिन्यांचाच असतो. म्हणूनच या प्रदेशाच्या नकाशाचा इतिहास हा चुका ओळखण्याच्या, त्या मोजण्याच्या आणि आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतींचा इतिहास आहे, आणि उत्तम नकाशा उत्तम यंत्रापेक्षाही या शिस्तीतून घडतो, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

त्रिकोणांचा सांगाडा

कोणत्याही मोठ्या प्रदेशाच्या मोजणीत आधी सांगाडा उभारावा लागतो आणि तपशील त्यानंतर भरावे लागतात. हा सांगाडा म्हणजे त्रिकोणांची साखळी. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन्ही टोकांचे कोन माहीत असले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात, आणि त्यांपैकी प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया म्हणून वापरता येते. त्यामुळे जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची असते ती फक्त पहिली बाजू, जिला आधाररेषा म्हणतात, आणि पुढे ठरावीक अंतरावर पडताळ्यासाठी घेतलेल्या मोजक्या आधाररेषा. बाकी सारे काम थिओडोलाइट या यंत्राने कोन मोजून होते. दऱ्या, हिमनद्या आणि दलदली ओलांडून साखळीने जमिनीचे अंतर मोजणे अशक्य असते, पण त्यांच्या वरून नजर टाकता येते, आणि दुर्गम मुलखात त्रिकोणीकरणाचे महत्त्व याच कारणाने वाढते.

भारतातील महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन याच्या देखरेखीखाली मोजली गेली. द्वीपकल्पातून उत्तरेकडे सरकणारी ही साखळी पुढे नेत असतानाच १८२३ मध्ये वर्धा परिसरातील हिंगणघाट येथे लॅम्ब्टनचा मृत्यू झाला, आणि त्याची कबर आजही तेथे आहे. जॉर्ज एव्हरेस्ट याने ती साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली, आणि १८५५ मध्ये टी. जी. माँटगोमेरी याच्या नेतृत्वाखाली काश्मीर आणि लडाखच्या मोजणीला आरंभ झाला. लडाखमधील शिखरांची स्थाने अशा रीतीने दक्षिणेतल्या सपाट जमिनीवर मोजलेल्या रेषांशी त्रिकोणामागून त्रिकोण जोडत बांधली गेली.

१८५६ मध्ये माँटगोमेरीने काश्मीरमधील हरमुख पर्वतावरून, सुमारे २१० किलोमीटरवरच्या काराकोरम रांगेतील दोन ठळक शिखरांचे कोन घेतले आणि आपल्या वहीत त्यांना के-१ आणि के-२ असे क्रमांक दिले. के-१ चे मशेरब्रुम हे स्थानिक नाव पुढे नकाशावर आले, तर के-२ चा क्रमांक तसाच राहिला. एकाच स्थानकावरून घेतलेल्या कोनातून शिखराची फक्त दिशा कळते. त्याचे स्थान ठरवायला दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थानकावरून तेच शिखर पाहावे लागते. म्हणूनच पुढच्या मोसमांत इतर ठिकाणांहून निरीक्षणे मिळाल्यानंतरच, हे शिखर जगातील सर्वांत उंच शिखरांपैकी एक असल्याचे गणिताने सिद्ध झाले.

या कामाचा शारीरिक भार मुख्यतः पथकातील खलाशांवर पडत असे. खलाशी म्हणजे यंत्रे वाहणारे, शिखरांवर दगडांचे बुरूज रचणारे आणि निशाणाचे खांब रोवणारे मदतनीस. दूरचे स्थानक दिसावे म्हणून तेथे हेलिओट्रोप नावाचा फिरता आरसा ठेवला जाई आणि खलाशी त्यातून सूर्यप्रकाशाचा झोत निरीक्षकाच्या दिशेने पाठवत असे. सूर्य सरकत असल्यामुळे आरसाही सतत फिरवावा लागे, आणि ढग येऊन निरीक्षण हुकले तर त्या थंडीत दिवसेंदिवस शिखरावरच मुक्काम करावा लागे. अधिकाऱ्यांची नावे अहवालांत नोंदली गेली, पण ज्यांनी हे खांब प्रत्यक्ष वर पोहोचवले त्यांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. त्यांच्या वाट्याची ही उणीव भरून काढणे आता शक्य नाही, परंतु त्या नकाशांचे श्रेय सांगताना त्यांचा उल्लेख प्रथम होणे न्याय्य आहे.

सांगाड्यावर तपशील

त्रिकोणांमुळे काही मोजक्या बिंदूंची स्थाने नक्की होतात, पण त्या बिंदूंमधली जमीन रिकामीच राहते. ती भरण्याचे काम विसाव्या शतकापर्यंत प्लेन टेबलवर होत असे. प्लेन टेबल म्हणजे तिवईवर आडवा बसवलेला लाकडी फलक. त्यावर कागद ताणून बसवलेला असतो आणि ज्ञात शिखरांची स्थाने त्या कागदावर आधीच मांडलेली असतात. मोजणीदार एखाद्या टेकडीवर जाऊन फलक सपाट करतो, दृष्टिपट्टीतून ज्ञात शिखरांकडे पाहत त्यांच्या दिशेच्या रेषा मागे ओढतो, आणि तीन रेषा एका बिंदूत मिळाल्या की तो बिंदू म्हणजे स्वतःचे स्थान, हे त्याला कळते. त्या मिळाल्या नाहीत तर मध्ये एक लहानसा त्रिकोण उरतो. हा चुकीचा त्रिकोण फलक किंचित फिरवून नाहीसा होईपर्यंत मोजणीदार पुढचे काम सुरू करत नाही. चूक येथे कागदावर डोळ्यांना दिसते, आणि या पद्धतीचे मोठे सामर्थ्य त्यातच आहे.

स्वतःचे स्थान निश्चित झाल्यावर तो समोरच्या धारा, खिंडी, नदीची वळणे आणि सरोवराचे काठ यांच्याकडे रेषा काढतो, पुढच्या टेकडीवरून त्याच गोष्टींकडे पुन्हा रेषा काढतो, आणि जेथे रेषा छेदतात तेथे त्या वस्तूची जागा ठरते. चढउताराचे आकार तो जमिनीकडे पाहतच रेखाटतो. हा नकाशा त्यामुळे जागच्या जागी, प्रत्यक्ष भूभाग समोर असताना घडतो, आणि भूरूपाविषयीची मोजणीदाराची समज त्यात उतरते. मात्र जी दरी त्याच्या टेकडीवरून दिसली नाही, तिचा आकार केवळ अदमासाने भरला जाण्याचा धोकाही त्यातच असतो.

पावलांनी मोजलेली वाट

लडाखच्या पूर्वेला, तिबेटच्या हद्दीत, त्या काळी परकीयांना प्रवेश नव्हता. शिखरावर निशाण रोवणे किंवा उघड्यावर फलक मांडणे तेथे शक्यच नव्हते. म्हणून माँटगोमेरीने सीमाभागातील स्थानिक लोकांना मोजणीचे शिक्षण देऊन व्यापारी किंवा यात्रेकरू म्हणून पाठवण्याची योजना आखली. या लोकांना अहवालांत पंडित म्हटले गेले, आणि त्यांतील सर्वांत थोर म्हणजे कुमाऊँमधील मिलम गावचे नैन सिंह रावत. डेहराडून येथे त्यांना ठरावीक लांबीचे पाऊल टाकण्याचा सराव देण्यात आला, असा की चढ असो वा उतार, एका मैलात सुमारे २,००० पावलेच भरावीत. त्यांच्या जपमाळेत परंपरेप्रमाणे १०८ नव्हे, तर १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी ओढला की पूर्ण माळ म्हणजे १०,००० पावले, अर्थात सुमारे पाच मैल अंतर होई. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी नोंदींच्या चिठ्ठ्या असत, आणि पारा कवड्यांमध्ये भरून नेलेला असे.

हा पारा कृत्रिम क्षितिजासाठी लागे. ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजली की त्या ठिकाणचे अक्षांश मिळतात. समुद्रावर क्षितिज दिसते, डोंगरांत ते दिसत नाही. म्हणून वाडग्यात ओतलेल्या पाऱ्याच्या तंतोतंत सपाट पृष्ठभागात ताऱ्याचे प्रतिबिंब पाहून, तारा आणि प्रतिबिंब यांच्यामधला कोन सेक्स्टंट या यंत्राने मोजायचा आणि त्याचा निम्मा भाग घ्यायचा, अशी ही युक्ती आहे. १८६६ च्या प्रारंभी ल्हासा येथे पोहोचल्यावर नैन सिंहांनी याच पद्धतीने त्या शहराचे स्थान निश्चित केले.

त्यांचा चांगथांगमधील महत्त्वाचा प्रवास १८७४ मध्ये लेहहून सुरू झाला. सामान मेंढ्यांच्या पाठीवर लादून ते पँगाँगच्या काठाने पूर्वेला गेले, पठारावरची सरोवरे एकामागून एक नोंदवत नोव्हेंबरमध्ये ल्हासाला पोहोचले, आणि तेथून तवांगमार्गे १८७५ मध्ये आसामात उतरले. या वाटेचा फार मोठा भाग तोपर्यंत कोणत्याही नकाशावर नव्हता. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. त्यांचे आप्त किशन सिंह यांनी पुढच्या मोहिमेत घोड्यावर बसणे भाग पडले तेव्हा घोड्याची पावले मोजली, आणि मोजणीत खंड पडू दिला नाही.

पावलांच्या मोजणीत चूक साचत जाते, कारण प्रत्येक नवे स्थान आधीच्या स्थानावर अवलंबून असते. तिला आवर घालण्याचे मार्ग दोन. पहिला मार्ग अक्षांशांचा: दक्षिणोत्तर अंतर पावलांनी किती भरले आणि ताऱ्यांवरून किती आले, हे ताडून पाहता येते. दुसरा मार्ग टोकांचा: प्रवासाची सुरुवात आणि शेवट ही दोन्ही ठिकाणे आधीच ज्ञात असतील, तर शेवटी उरलेली तफावत सगळ्या वाटेवर प्रमाणात वाटून देता येते. पूर्व-पश्चिम अंतराला ताऱ्यांचा असा सोपा आधार नसल्यामुळे रेखांशांत अधिक चूक राहण्याचा संभव असतो. तेवढी जाणीव ठेवली, तर एका माणसाच्या पावलांतून शेकडो मैलांची विश्वसनीय रेषा मिळू शकते, हे या प्रवासांनी दाखवून दिले.

उंचीचा प्रश्न

स्थानापेक्षा उंची ठरवणे अधिक कठीण असते. वाटेवरच्या ठिकाणांची उंची पंडित उकळत्या पाण्याच्या तापमानावरून काढत. हवेचा दाब जितका कमी, तितक्या कमी तापमानाला पाणी उकळते. ४,५०० मीटर उंचीवर ते सुमारे ८५ अंश सेल्सियसला उकळू लागते. उंचीतील सुमारे ३०० मीटरच्या वाढीला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो, म्हणजे तापमापक वाचताना अंशाच्या दहाव्या भागाची चूक झाली तर उंची ३० मीटरने चुकते. त्यातच हवामान पालटले की तेथला दाबही पालटतो, आणि ठिकाण तेच असूनही दुसऱ्या दिवशी वेगळी उंची मिळते.

दूरच्या शिखराची उंची कोनावरून काढताना अडचणीचे स्वरूप निराळे असते. पृथ्वी गोल असल्यामुळे दूरची वस्तू निरीक्षकाच्या आडव्या पातळीखाली झुकते, आणि हा झुकाव अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० किलोमीटरवर तो सुमारे ७८५ मीटर असतो, आणि हरमुख ते के-२ या २१० किलोमीटरच्या अंतरावर तो जवळजवळ ३,४६० मीटर होतो. उलट बाजूने, हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरण वाकतो आणि वस्तू आहे त्यापेक्षा उंच दिसते. या वक्रीभवनाची दुरुस्ती एवढ्या अंतरावर काहीशे मीटरची असते, आणि ती हवेच्या तापमानाप्रमाणे दिवसभर बदलत राहते. खुद्द ओळंबाही पूर्णपणे विश्वासाचा नसतो, कारण पर्वतांचे वस्तुमान त्याला किंचित आपल्याकडे ओढते. कलियाना आणि कलियाणपूर या दोन स्थानकांमधील अक्षांशांचे अंतर त्रिकोणांवरून आणि ताऱ्यांवरून काढले, तेव्हा दोन्हींत सुमारे पाच विकलांचा फरक निघाला. त्या फरकाचा मागोवा घेताना जॉन प्रॅट आणि जॉर्ज एअरी यांनी १८५५ च्या सुमारास जे विचार मांडले, त्यांतून उंच पर्वतांखाली कवचाची भरपाई करणारी रचना असते, हा भूशास्त्रातील मूलभूत सिद्धांत पुढे आला. एका मोजणीतील छोटीशी विसंगती प्रामाणिकपणे नोंदवली गेली म्हणूनच हे घडले.

दुरुस्त्या पुरेशा काटेकोर नसतील तर काय होते, हे स्पितीमधील शिल्ला शिखराच्या उदाहरणातून समजते. १८६० मध्ये एका खलाशाने या शिखरावर निशाणाचा खांब नेला, आणि त्याची उंची ७,००० मीटरहून अधिक मानली गेल्यामुळे माणूस तोवर चढलेली ती सर्वांत मोठी उंची ठरली. नंतरच्या मोजणीत शिखराची उंची सुमारे ६,१०० मीटरच भरली. त्या खलाशाच्या धाडसाला याने कसलाही कमीपणा येत नाही. आकडा मात्र जवळजवळ एक किलोमीटरने चुकलेला होता.

आकाशातून घेतलेली मोजणी

विसाव्या शतकात विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि नंतर उपग्रह यांनी मोजणीची रीत बदलली. एकच जमीन दोन वेगवेगळ्या जागांवरून टिपली, की उंच भाग दोन्ही चित्रांत वेगवेगळ्या प्रमाणात सरकलेले दिसतात, आणि या सरकण्यावरून उंची काढता येते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी सोडलेला कार्टोसॅट-१ हा उपग्रह याच तत्त्वावर चालणारा होता. त्याच्या दोन कॅमेऱ्यांपैकी एक पुढे आणि एक मागे झुकलेला असून जमिनीवरचे अडीच मीटरपर्यंतचे तपशील ते टिपत. त्याआधी, फेब्रुवारी २००० मध्ये, एंडेव्हर या अवकाशयानाने ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या दोन टोकांना रडारचे अँटेना ठेवून अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतांश भूभागाच्या उंचीची मोजणी केली होती.

उंच वाळवंट या साधनांना काही बाबतींत फार अनुकूल असते. घनदाट अरण्यात उपग्रहाला झाडांचे शेंडे दिसतात आणि खरी जमीन झाकली जाते. चांगथांगमध्ये उघडी जमीनच समोर असल्यामुळे मोजलेली उंची जमिनीचीच असते. परंतु अडचणीही तेथल्याच असतात. एकसारखी वाळू किंवा ताजा बर्फ यांत ओळखता येण्यासारख्या खुणा नसतात, त्यामुळे दोन चित्रांतील एकच बिंदू जुळवणारी गणनपद्धती चुकते. खोल दऱ्या रडारच्या सावलीत जातात आणि आकड्यांत पोकळी राहते. शांत पाण्यावरून रडारच्या लहरी परत न येता पलीकडे निघून जातात. शिवाय उपग्रहांवर आधारलेल्या स्थाननिश्चितीतून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. या दोहोंतला फरक स्थळानुसार बदलतो आणि कित्येक मीटरांचा असतो, म्हणून जमिनीवर नीट मोजलेल्या बिंदूंचा आधार आजही सोडता येत नाही.

नकाशा वाचण्याची रीत

नकाशा तयार झाला म्हणजे मोजलेले सारे त्यात उतरले, असे होत नाही. समोच्च रेषांमधील उभे अंतर ४० मीटर असलेला १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घेतला, तर सरोवराकाठच्या मंद, शंभरास एक अशा उतारावर एक रेषा आणि पुढची रेषा यांच्यात जमिनीवर ४ किलोमीटर आणि कागदावर ८ सेंटीमीटर अंतर पडते. त्सो कारच्या भोवती जुन्या किनाऱ्यांच्या पायऱ्या आहेत. हे सरोवर पूर्वी कितीतरी मोठे आणि खोल असल्याची साक्ष त्या देतात. त्यांतील एखादी पायरी चार-पाच मीटर उंचीची असेल, तर दोन रेषांमधल्या त्या कोऱ्या जागेत ती संपूर्ण हरवून जाते. हवामानाचा प्राचीन इतिहास वाचू पाहणाऱ्या अभ्यासकाला अशा ठिकाणी समोच्च रेषांवर विसंबून चालत नाही, त्याला जमिनीवर स्वतंत्र मोजणी करावी लागते. कोऱ्या जागेचा दुसराही एक प्रकार आहे. ज्या मैदानात नकाशावर एकही नाव नसते, तेथे चांगपा पशुपालक पश्मिना बकऱ्या आणि याक घेऊन ऋतूनुसार फिरत असतात, आणि प्रत्येक कुरणाला, झऱ्याला, वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या धारेला त्यांच्या बोलण्यात नाव असते. मोजणीदाराला ती नावे विचारायला वेळ मिळाला नाही, किंवा दुभाषामार्फत ऐकलेली नावे चुकीची लिहिली गेली, एवढाच त्या रितेपणाचा अर्थ असतो.

शिवाय हा प्रदेश स्थिर नाही. तिबेटच्या पठारावरील अनेक सरोवरे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून विस्तारत आहेत, हिमनद्या मागे हटत आहेत, आणि म्हणून काही दशकांपूर्वीच्या नकाशातील किनारा आजच्या किनाऱ्याशी जुळेलच असे नाही. जुना नकाशा या कारणाने निरुपयोगी ठरत नाही, उलट बदल मोजण्याचा पाया तोच असतो. पण तो पाया म्हणून वापरायचा तर त्यातील किती फरक मोजणीच्या चुकीचा आणि किती प्रत्यक्ष बदलाचा, हे वेगळे काढता आले पाहिजे. माँटगोमेरीच्या पथकाने प्रत्येक कोन पुन्हा पुन्हा वाचून नोंदवला, नैन सिंहांनी ताऱ्यांवरून आपल्याच पावलांचा पडताळा घेतला, ते याचसाठी. नकाशाच्या समासात छापलेली मोजणीची वर्षे, समोच्च रेषांचे अंतर आणि उंचीचा संदर्भ या गोष्टींकडे बहुतेक वाचक दुर्लक्ष करतात. वास्तविक त्या आधी वाचल्या पाहिजेत, कारण कोणत्या रेषेवर किती विश्वास ठेवावा, हे तेथेच सांगितलेले असते.